विधवेचा वकील कोण?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एका नगरात देवाला न भिणारा आणि माणसांची पर्वा न करणारा एक न्यायाधीश होता, आणि त्याच्या दारी पुनःपुन्हा येऊन न्याय मागणारी एक विधवा होती. आम्ही धर्मगुरू या दाखल्यावर वर्षानुवर्षे प्रवचने करीत आलो आहोत. प्रार्थनेत खंड पडू देऊ नका, खचून जाऊ नका, असा बोध आम्ही त्यातून काढतो, आणि तो योग्यच आहे. प्रभूने दाखला सांगितला तो त्यासाठीच. परंतु हदगावच्या न्यायालयाच्या आवारात लिंबाच्या सावलीला बसलेल्या बायामाणसांबरोबर तारखांमागून तारखा काढल्यावर माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न घर करून बसला आहे. ती विधवा स्वतःच का येत होती? तिच्या वतीने उभा राहणारा, तिचे म्हणणे न्यायाधीशाला कळेल अशा भाषेत मांडणारा एकही माणूस त्या नगरात नव्हता काय?

नगरात वकील नसतील असे नाही. तिचे कोणी नव्हते, एवढेच.

आमच्या भागातील एका मातंग विधवेची हकीकत सांगतो. गावच्या गायरानातील दीड एकर जमीन तिच्या सासऱ्याने कसली, नवऱ्याने कसली, आणि त्याच्या माघारी ती कसत होती. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावीत, असा महाराष्ट्र शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे; परंतु तो निर्णय तिच्या वस्तीवर कोणी वाचून दाखवला नव्हता. पुढे अतिक्रमण काढण्याची नोटीस आली. बाई नोटीस घेऊन माझ्याकडे आली आणि मी तिला घेऊन एका नावाजलेल्या वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद डोळ्यांखालून घातला, फी घेतली आणि सांगितले, "सुप्रीम कोर्टाचाच हुकूम आहे, फादर. यात आता कोणाचे काही चालत नाही."

हुकूम होता हे खरे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले होते. मी मान खाली घालून परत आलो. चार दिवसांनी वस्तीतला एक तरुण वकील सायकलवरून माझ्याकडे आला. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा बौद्ध मुलगा. वकिली सुरू करून त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याने त्याच निकालाची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेनुसार जमीन दिलेली असेल, तर तेथे नियमितीकरणाला वाव आहे, असे न्यायालयाने तेथेच म्हणून ठेवले आहे. ज्येष्ठ वकिलांनी निकालाचे मथळे वाचले होते. या मुलाने निकाल वाचला होता. त्याला तो शेवटपर्यंत वाचावासा वाटला, कारण त्याच्या चुलत्याचे शेतही गायरानातलेच होते.

त्याने अर्ज केला, जुन्या पीकपाहणीचे उतारे शोधून काढले आणि कारवाई थांबवली. बाई आजही ती जमीन कसते आहे.

आणि तो तरुण? तो आज वकील नाही. तिसऱ्या वर्षी त्याने वकिली सोडली. एका खाजगी वित्तकंपनीसाठी तो पुण्यात मोटारसायकलींचे थकलेले हप्ते वसूल करतो. न्यायालयात त्याला महिन्याकाठी जे मिळे त्यात खोलीचे भाडेही निघत नसे, आणि घरी बहिणीचे लग्न येऊन ठेपले होते. त्याला सनद मिळाली त्या दिवशी मी त्याला काळा कोट शिवून दिला होता, डोक्यावर हात ठेवला होता आणि माझे कर्तव्य संपले असे समजून मी माझ्या कामाला लागलो होतो. वाचकहो, हा लेख त्या चुकीबद्दल आहे. ती माझी एकट्याची असती तर मी ती पापनिवेदनात सांगून मोकळा झालो असतो; पण ती आपणा सर्वांची आहे, म्हणून ती येथे छापावी लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या समाजाच्या घरातून वकील निघत नाही, त्याला न्याय मिळालाच तर तो उसना मिळतो. आणि असा वकील घडवायचा तर मदतीचा हात पदवीपर्यंत देऊन भागत नाही, त्याची वकिली स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तो द्यावा लागतो.

यावर आपल्याच धर्मग्रामांतून पहिला आक्षेप ऐकू येतो तो असा की, वकिली हा खोट्याचा धंदा आहे. आपल्या मुलांनी शिक्षक व्हावे, मुलींनी परिचारिका व्हावे, देवाची हाक आली तर धर्मगुरू किंवा धर्मभगिनी व्हावे, पण कोर्टाच्या चिखलात पाय घालू नये. ही सोवळी भाषा मला मान्य नाही. ख्रिस्तसभेने एका वकिलाला वेदीवर मान दिला आहे. ब्रिटनी प्रांतातील संत इव्हो हे तेराव्या शतकातील धर्मगुरू आणि कायदेपंडित. गरिबांचे खटले ते विनामोबदला चालवीत. १३०३ साली ते निवर्तले, १३४७ साली त्यांना संतपद मिळाले, आणि १९ मे हा त्यांचा सण वकिलांचा सण मानला जातो. चिखल आहे म्हणून चांगल्यांनी दूर राहावे, असे म्हणणारा माणूस गरिबाला त्याच चिखलात एकटा सोडतो. आजारी माणसासाठी इस्पितळे काढताना आपण रोगाला भ्यालो नाही. मग नाडलेल्या माणसासाठी न्यायालयाला का भ्यावे?

आपला वकील असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नसावी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांसह पाणी प्यायले, हे शाळेतले पोर सांगेल. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा सनातन्यांनी न्यायालयात दाखल केला, त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला, हे किती जणांच्या ध्यानात असते? सत्याग्रह एका दिवसाचा होता. खटला जवळजवळ दहा वर्षांचा. महाडच्या न्यायालयातून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला तो वाद गेला. ती दहा वर्षे दुसऱ्या कोणाच्या दयेवर काढावी लागली असती, तर तळ्याच्या पायऱ्यांवर पुन्हा कोण उभे राहिले असते? आणि आणखी एक गोष्ट. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या या माणसाकडे मुंबईत सनद घेण्यापुरतेही पैसे नव्हते. ते त्यांचे पारशी स्नेही नवल भथेना यांनी दिले. शिष्यवृत्ती संपल्यानंतरच्या आणि अशील येऊ लागण्यापूर्वीच्या त्या पोकळ काळात मित्राचा हात पुढे आला.

परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना मेरिलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची दारे बंद होती. तेव्हा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चार्ल्स ह्यूस्टन नावाच्या कृष्णवर्णीय प्राध्यापकाने १९२९ पासून कायद्याच्या शाळेची सूत्रे हाती घेतली आणि वंशभेदाचे कायदे न्यायालयात मोडून काढणारे वकील घडवायचे, असा संकल्प करून ती शाळा नव्याने उभी केली. १९३३ साली तेथून थर्गुड मार्शल हा तरुण पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. तीन वर्षांच्या आत, १९३६ साली, गुरू-शिष्यांनी मिळून मेरिलँडच्या त्याच महाविद्यालयाला कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देणे न्यायालयाकरवी भाग पाडले. १७ मे १९५४ रोजी शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, तेव्हा विद्यार्थ्यांची बाजू मांडणाऱ्यांत अग्रभागी मार्शलच होते. १९६७ साली ते त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. हे आपोआप घडले नाही. कोणीतरी बसून ठरवले, वकील निवडले, शिकवले आणि कामाला लावले.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. प्रवेशपरीक्षा सर्वांना खुली आहे, ज्याच्यात दम असेल तो येईल, असे आपल्यातली शिकलेली माणसेही म्हणतात. त्यांना मी विचारतो, परीक्षा नेमकी कशाची होते? देशातील वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅट या परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि ही परीक्षा २००८ साली सुरू झाल्यापासून इंग्रजीतच होत आली आहे. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथील आपल्या राज्याच्या विधी विद्यापीठांची वाटही तीच. परीक्षेच्या नुसत्या अर्जाला हजारो रुपये लागतात आणि प्रवेश मिळाल्यावर वर्षाचा खर्च लाखांत जातो. दुसऱ्या बाजूला, १९९८ साली महाराष्ट्र शासनाने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. म्हणजे हदगावच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते, उलटतपासणी मराठीत होते, आणि आंध आदिवासी बाईची फिर्याद समजून घ्यायला तिची बोली जाणणारा माणूस लागतो. पण कायद्याच्या सर्वांत नावाजलेल्या शाळांच्या दारात तिच्या मुलाची परीक्षा मात्र इंग्रजी उताऱ्यांवर होते. ज्या भाषेत न्याय द्यायचा ती येणे हा गुण नव्हे, आणि जी त्याच्या गावात कोणी बोलत नाही ती येणे हा गुण, हे गणित मला कोणी समजावून द्यावे.

राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, आणि नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय किंवा लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय आपल्या मुलांच्या आवाक्यात आहे, ही समाधानाची गोष्ट. तरीही पाहा, मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर करण्यासाठी आपल्या मराठवाड्याने 'लातूर पॅटर्न' निर्माण केला, त्यासाठी नांदेड-लातूरच्या गल्ल्या शिकवणीवर्गांनी आणि वसतिगृहांनी भरून गेल्या. बापाने जमीन विकून पोराला तेथे ठेवल्याची उदाहरणे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. त्या मेहनतीचा शतांश तरी आपण कायद्याच्या वाटेवर खर्च केला आहे काय?

दारात अशी गाळणी लागली की वरच्या मजल्यावर काय दिसते, तेही पाहू. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्याक ३७, अशी माहिती केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिली. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले आणि २३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्या पदावर होते. न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्यानंतर या पदावर पोहोचलेले ते दुसरे दलित. आपण त्या दिवशी आनंद मानला, मानायलाच हवा होता. पण एका शिखराकडे बोट दाखवून पायथ्याची वाट मोकळी आहे असे सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा आहे: सरकार सगळे देते. आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, मोफत कायदेविषयक मदत आहे. होय, आहे. राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदात मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व आहे, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या बाराव्या कलमाने स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना हे साहाय्य मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु नेमून दिलेला वकील आणि आपल्यातून आलेला वकील यांत जो फरक आहे, तो त्या गायरानातल्या विधवेला विचारा. आणि सरकारची शिष्यवृत्ती पदवीच्या दिवशी संपते. गरिबाच्या मुलाची खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते.

सनदेचेच घ्या. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये नोंदणीची फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये एवढीच आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिल या ना त्या नावाखाली पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत वसूल करीत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदेशीर ठरवली आणि दुर्बलांना व्यवसायाबाहेर ठेवणारा हा अडसर आहे, अशा आशयाची कानउघाडणी केली. कायद्याचे रक्षण करणाऱ्यांच्याच दारात इतकी वर्षे कायदा असा वाकवला जात होता.

सनदेनंतर येतात ती उमेदवारीची वर्षे. नवा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली फायली वाहतो, तारखा घेतो, मसुदे लिहितो, आणि बहुधा रिकाम्या हाताने घरी जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नव्या वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे परिपत्रक काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. पुढे २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायाधीशाला न्यायालयाचा अनुभव हवा, हा विचार चूक नाही. पण ज्याच्या वडिलांचे कार्यालय तयार आहे, त्याला ती तीन वर्षे शिकण्याची असतात. ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते, त्याला ती उपाशी राहण्याची असतात. आमचा तरुण नेमका याच तीन वर्षांत गळाला.

आता घरचेच बोलतो. धर्मांतर केलेल्या दलिताला ख्रिस्ती झाल्यामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट आहे. ती १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी शिथिल झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ सालच्या अहवालात ही अट काढण्याची शिफारस केली. या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढतो, काळा दिवस पाळतो, आणि ते रास्त आहे. परंतु हा प्रश्न शेवटी न्यायालयात वकीलच मांडणार, आणि मराठवाड्यातील आपल्या किती धर्मग्रामांतून एक तरी वकील निघाला आहे? आपल्या शाळांच्या इंग्रजी माध्यमातून शिकून कित्येक वकील झाले. त्यांतले वाड्या-वस्त्यांवरचे किती? ज्या भाषेची गाळणी लावून गरिबाला बाहेर ठेवले जाते, ती भाषा आपल्या हाती होती, आणि आपण ती बहुतेक करून फी भरू शकणाऱ्यांना दिली.

केवळ आपल्यापुरते पाहावे, असेही मी म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर उसळलेल्या प्रकारात अनेकांना अटक झाली, आणि १५ डिसेंबर रोजी सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेली. तिच्या वतीने प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. शुभवर्तमानातली विधवा एकटी होती. ही आई एकटी नव्हती. परंतु प्रत्येक तालुक्यातल्या प्रत्येक आईसाठी मुंबई-पुण्याहून कोणी येऊ शकत नाही. तेथे तालुक्याचाच माणूस लागतो.

तेव्हा काय करावे? शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकाने २०१० साली 'इडिया' ही संस्था सुरू करून खेड्यापाड्यांतील व वंचित घरांतील मुलांना क्लॅटसाठी तयार करण्याचे आणि पुढच्या शिक्षणात आधार देण्याचे काम आरंभले. २०१९ साली ते गेले, पण वाट दाखवून गेले. आपण निदान त्याच्या पुढचा टप्पा उचलू शकतो. परिपत्रकातले ग्रामीण भागाचे १५,००० रुपये धरा. दोनशे कुटुंबांनी महिन्याला ७५ रुपये दिले की एक तरुण वकील उभा राहतो. तीन वर्षांचे होतात ५,४०,०००. सणाच्या मंडपाला, बँडला आणि जेवणावळीला आपण काय खर्च करतो, याचा हिशेब ज्याच्या त्याच्यापाशी आहे. आपले एक धर्मग्राम लहान असेल, तर तीन मिळून करावे. अट एकच असावी: त्याने ती तीन वर्षे तालुक्याच्या न्यायालयात काढावीत आणि गरिबाचे वकीलपत्र परत पाठवू नये. तो ख्रिस्ती आहे, बौद्ध आहे, मातंग आहे की आंध, हे विचारू नये. बाबासाहेबांना पैसे देताना नवल भथेनांनी ते पारशी आहेत का, असे विचारले नव्हते.

गेल्या महिन्यात मी त्या तरुणाला पुण्याला दूरध्वनी केला. वकिलीत परत येशील का, असे विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, सनद अजून चालू आहे. कोटही ठेवला आहे. पण घरभाडे कोण भरणार, ते आधी सांगा."

मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. ते मला एकट्याला देता येत नाही, म्हणून हा लेख लिहिला. येत्या रविवारी मिस्सेनंतर मी मंडपात एक वही घेऊन बसणार आहे. पहिल्या पानावर माझे नाव मी लिहून ठेवले आहे.